कवळीवाल्यांचा अंगठा

कवळीवाल्यांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवत आणि हे त्यावरून कवळी घडवत. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं कामाचं टेबल होतं. टेबलावर गुलाबी मेणाच्या पट्ट्या, दातांच्या रंगछटांचं कार्ड, घासकामाचं फिरतं चाक, आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीने वाळत ठेवलेले प्लास्टरचे जबडे. नवा पाहुणा चुकून त्या खोलीत शिरला की दोन पावलं मागे यायचा, कारण पन्नास-साठ जबडे एकदम त्याच्याकडे बघून हसत असायचे.

तयार कवळ्या ते स्वतःच पोचवत. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर त्यांनी लाकडी पेटी बसवून घेतली होती. पेटीत कप्पे, प्रत्येक कप्प्यात ओल्या कापसात गुंडाळलेली एक कवळी आणि वर नावाची चिठ्ठी. हमरस्त्यावरची तीन गावं, नऊ दवाखाने, आठवड्यातून चार फेऱ्या. असं एकतीस वर्षं चाललं होतं.

पेटीच्या तळाशी आणखी एक कप्पा होता आणि कवळीवाल्यांचा सगळा अभिमान त्या कप्प्यात होता. त्यात क्लचची तार, दोन प्लग, पंक्चरचं सामान, पान्यांची गुंडाळी आणि पेट्रोलची एक बाटली असायची. हे सगळं स्वतःसाठी नव्हे हं, दुसऱ्यांसाठी. त्यांची स्वतःची गाडी रस्त्यात कधी बंद पडलेलीच नव्हती. ज्या सुताराकडून त्यांनी ती गाडी घेतली, त्याने किल्ली देताना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. दर पंधरवड्याला चेनला तेल घालायचं, आणि रस्त्याकडेला अडकलेल्या गाडीवाल्याला टाकून पुढे जायचं नाही. कवळीवाल्यांनी दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या. कडेला गाडी आणि शेजारी माणूस दिसला की ते वेग कमी करत आणि अंगठा वर करून विचारत, ठीक? समोरच्यानेही अंगठा दाखवला की पुढे जात. त्याने हात हलवून बोलावलं की थांबत, पेटी उघडत आणि पुढचा अर्धा तास त्या माणसाला उपदेशासकट मदत करत.

संध्याकाळी जेवताना मग त्याची साग्रसंगीत कथा व्हायची आणि कथेच्या शेवटी ठरलेलं वाक्य यायचं: "दुचाकीवाला दुचाकीवाल्याला सोडत नाही." घरात ते इतक्या वेळा ऐकलं गेलं होतं की त्यांची बायको आमटी वाढता वाढता ते त्यांच्याआधीच म्हणून टाकायची.

बायको वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत कामाला होती. दिवसभर दुकानदारांचे तराजू तपासून तपासून 'अंदाजे' या शब्दावर तिचा राग बसला होता. "सोडत नाही म्हणजे शंभरातले किती सोडत नाहीत?" असं ती विचारायची. कवळीवाले हात झटकायचे. असल्या गोष्टी का मोजायच्या असतात?

आणि मग त्या मोजायची वेळ आली. त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, जिला घरात सगळे ठमी म्हणत, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. प्रयोगशाळा पस्तीस किलोमीटर लांब, त्याच हमरस्त्यावर. बसच्या वेळा कामाच्या वेळांशी जुळेनात. शेजारच्या फोटोग्राफरची एक मोटारसायकल वापराविना पडून होती, ती तो द्यायला तयार होता. त्याने किल्लीसुद्धा आणून दिली. ती किल्ली बायकोने उचलली आणि फ्रीजवरच्या डब्यात टाकली.

"एकटी पोरगी, ओसाड रस्ता, गाडी बंद पडली तर?" बायको म्हणाली. "त्यापेक्षा तिथे खोली घेऊन राहू दे. एक बाई खोली देतायत. शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय."

खोली हा शब्द कवळीवाल्यांना मुळीच आवडला नाही. ठमी घरात नसली तर संध्याकाळच्या कथा कुणाला सांगायच्या? पण हे असं बोलणार कोण! ते म्हणाले, "अगं, गाडी बंद पडली तर कोणीतरी थांबेल. मी एकतीस वर्षं बघतोय. माझा शब्द आहे."

"तुमचा शब्द आहे ना? मग झालं," बायको म्हणाली, पण किल्ली काही डब्यातून बाहेर आली नाही.

हे झालं बुधवारी. गुरुवारी सकाळी नेहमीप्रमाणे पेटी भरून कवळीवाले निघाले. पहिल्या दवाखान्यात साडेदहाला एक आजी येऊन बसणार होत्या. दोन महिने त्यांना धड चावता आलं नव्हतं. पहिलं गाव पाच-सहा किलोमीटरवर असताना, एका बंद गोदामाच्या लांबलचक भिंतीशेजारी, गाडीने दोन आचके दिले आणि ती गप्प झाली.

कवळीवाल्यांना आधी वाटलं, आपल्याला ऐकू येईनासं झालं. मग ते गाडी ढकलत कडेला आले आणि त्यांनी टाकीचं झाकण उघडून गाडी हलवून बघितली. आत ठणठणीत कोरडं. हे कसं शक्य आहे? दर सोमवारी ते टाकी भरत आणि ती पुढच्या सोमवारपर्यंत पुरून उरे. आज तर गुरुवार. बरं, संपलं तर संपलं, टाकीखाली खटका असतो. तो रिझर्व्हला फिरवला की तळाशी राखलेलं पेट्रोल मिळतं आणि तीसेक किलोमीटरची चिंता मिटते. त्यांनी खटक्याला हात घातला. खटका आधीच रिझर्व्हला होता.

कवळीवाले त्या खटक्याकडे बघतच राहिले. त्यांनी तो कधी फिरवला? एकतीस वर्षांत चार-पाच वेळा फिरवला असेल, आणि त्या प्रत्येक वेळेची त्यांना आठवण होती. आपण फिरवला आणि विसरलो? वडलांचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग नावं. त्यांनी तळचा कप्पा उघडून बाटली काढली. बाटली रिकामी होती. हे मात्र लगेच आठवलं. परवा एका रंगाऱ्याला वाटेत पेट्रोल दिलं होतं आणि बाटली भरायची राहून गेली होती.

असो. घाबरायचं कशाला? हा रस्ता त्यांचाच होता. आता कोणीतरी थांबेल. फोन खिशात होता, पण घरी फोन केला असता तर बायकोच्या हातात आयतं कोलीत मिळालं असतं. ते गाडीला टेकून उभे राहिले.

पहिले पाच-सहा जण भर्रकन निघून गेले. त्यातल्या एकाने मान वळवून बघितलंसुद्धा. मग एक जण आला, त्याने वेग कमी केला, यांच्याकडे बघितलं आणि अंगठा वर केला. ठीक?

आणि कवळीवाल्यांचा अंगठा वर गेला.

तो का गेला, हे त्यांना तेव्हाही कळलं नाही. तो माणूस मान डोलावून निघून गेला आणि हे हवेतल्या आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले. त्यांनी हात खिशात घातला. पुढच्या खेपेला नीट हात हलवायचा, असं ठरवलं.

दहा मिनिटांनी हिरव्या हेल्मेटचा एक जण आला. त्यानेही वेग कमी केला, त्यानेही अंगठा केला. कवळीवाल्यांनी खिशातून हात काढला आणि, काय सांगावं, पुन्हा अंगठा दाखवला. या खेपेला वर हसलेसुद्धा. हिरवा हेल्मेटवाला गेला. मग स्कूटरवरून एक बाई आल्या. त्या तर चक्क थांबल्या. इंजिन बंद करून त्यांनी विचारलं, "काका, काही झालंय का?"

"छे छे," कवळीवाले म्हणाले. "जरा पाय मोकळे करतोय."

"नक्की ना?"

"अगदी नक्की."

बाई गेल्या. कवळीवाल्यांना स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली. हे कोण बोललं? तोंड आपलं, जीभ आपली, मग बोलणारा कोण होता? तिकडे आजी खुर्चीत बसल्या असतील, डॉक्टर घड्याळ बघत असतील, आणि आपण इथे गोदामाच्या भिंतीशी पाय मोकळे करतोय!

गंमत म्हणजे आणखी अर्ध्या तासाने त्यांना जगाचा राग यायला लागला. एवढे गाडीवाले जातायत, एकाला माणुसकी नाही! एकतीस वर्षं आपण जीव तोडून थांबतोय, आणि आपल्या वेळेला कोणी थांबत नाही. मग त्यांना आठवायचं की थांबले होते. मग वाटायचं, थांबले काय, विचारून तर गेले. विचारलं तर आपणच नको म्हणालो. पण आपण नको म्हणालो तरी त्यांना कळायला नको? कळणार कसं, आपण अंगठा दाखवला ना! विचार असे गोल गोल फिरायला लागले आणि शेवटी कंटाळून त्यांनी गाडी ढकलायला सुरुवात केली. पेट्रोल पंप तीन किलोमीटर पुढे होता.

जेमतेम चारशे पावलं झाली असतील. समोरून एक गाडी आली, वळली आणि त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. तोच हिरवा हेल्मेटवाला.

"मघाशी तुम्ही अंगठा दाखवलात," तो म्हणाला. "मी आपला गेलो पुढे. पण नंतर राहवेना. तुमचा चेहरा काही ठीक दिसत नव्हता, काका."

"नाही, म्हणजे तसं ठीकच आहे," कवळीवाले धापा टाकत म्हणाले.

त्याने त्यांच्या घामाने भिजलेल्या शर्टाकडे बघितलं आणि तो हसला. "बसा गाडीवर. हँडल सरळ धरा."

त्याने आपली गाडी मागे घेतली, एक पाय लांब करून यांच्या मागच्या पायटेकूला लावला आणि पंपापर्यंत तसंच ढकलत नेलं. कवळीवाले बंद गाडीवर ताठ बसून होते. मागून कोणी आपल्याला ढकलतंय ही गोष्टच त्यांना नवीन होती. पंपावर पोचल्यावर ते आभार मानायला वळले, तर तो रस्त्याला लागलाही होता. जाताना त्याने अंगठा दाखवला. यांनीही दाखवला, आणि लगेच हात खाली घेतला.

पेट्रोल भरताना त्यांना दोन वर्षांपूर्वीची एक बाई आठवली. पुलाजवळ गाडी लावून ती कठड्याशी उभी होती. यांनी अंगठ्याने विचारलं, तिने अंगठा दाखवला, हे पुढे गेले. चार तासांनी परत येताना ती तिथेच होती. 'काय हौस एकेकीला!' असं म्हणत यांनी परत अंगठा केला होता. तिनेही केला होता. त्या रात्री ती गोष्ट त्यांनी घरी सांगितली नव्हती, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. आता पंपावर उभं राहून त्यांना एकदम लाज वाटली. एवढी, की पंपावरच्या माणसाने दोनदा "झालं, काका" म्हटलेलं त्यांना ऐकू आलं नाही.

संध्याकाळी घरात शिरतात तोच बायकोने विचारलं, "डॉक्टरांचा फोन होता. आजी पाऊण तास ताटकळल्या म्हणे. कुठे होतात?"

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी सगळं सांगितलं. ठमी टेबलाशी बसून शेंगा सोलत होती, ती ऐकता ऐकता सोलायची थांबली.

"म्हणजे थांबले की नाही थांबले?" बायकोने विचारलं. "आकडा सांगा."

"तेच तर कळत नाहीये," कवळीवाले म्हणाले. "साधारण चाळीस गेले. तिघांनी विचारलं. तिघांना मी ठीक म्हणालो. त्यातला एक परत आला, त्यालाही मी ठीक म्हणालो, पण त्याने ऐकलं नाही. हे थांबणं धरायचं की नाही?"

बायकोच्या कचेरीत यासाठी कुठलं वजन नव्हतं.

"आणि तो खटका," कवळीवाले खालच्या आवाजात म्हणाले. "तो रिझर्व्हला कसा गेला, मला आठवतच नाही. मला वाटतं, माझ्या वडलांसारखं..."

"बाबा, तो मी फिरवला," ठमी म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे बघितलं. तिने एका दमात सांगून टाकलं. काल दुपारी आई कचेरीत आणि बाबा खोलीत चाकावर कवळ्या घासत असताना ती त्यांची गाडी घेऊन प्रयोगशाळेपर्यंत जाऊन आली होती. रस्ता झेपतो का ते बघायला. येताना गाडी बंद पडली. खटक्याचं तिला काही माहीतच नव्हतं.

"मग काय केलंस गं?" आईचा आवाज चढला.

"काय करणार? रस्त्याच्या मध्ये उभी राहिले, दोन्ही हात हलवले आणि ओरडले, थांबा हो, माझी गाडी बंद पडलीय! पहिलीच गाडी थांबली. एक आजोबा होते, मागे आजी. आजोबांना काही कळेना. आजींनीच सांगितलं, अगं, खटका फिरव. घरी आले तर तुम्ही दोघं खोलीवरून भांडत होतात, मग सांगायची हिंमत झाली नाही. खटका तसाच राहिला."

कवळीवाल्यांना आधी हायसं वाटलं. आपण विसरभोळे झालो नव्हतो! मग राग आला, मग रागापेक्षा आश्चर्य जास्त वाटायला लागलं. "तू सरळ ओरडलीस?"

"मग काय करायचं असतं?"



बायकोने कमरेवर हात ठेवले. "आणि थांबलेला माणूस वाईट निघाला असता तर?"

"ते मला नाही माहीत, आई," ठमी म्हणाली. "मी आजींकडे बघून ठरवलं."

मग बायको नवऱ्याकडे वळली. "एक करा. म्हणून दाखवा बरं. माझी गाडी बंद पडलीय, मला मदत करा."

"काहीतरीच काय!"

"म्हणा म्हणते ना."

कवळीवाले उभे राहिले, खाकरले. "माझी गाडी बंद पडलीय," ते म्हणाले. इथपर्यंत जमलं. "मला... तसं फार काही नाही, पण तुम्हाला वेळ असेल तर..."

ठमी फिस्सकन हसली. बायकोही हसली. कवळीवाले हसले नाहीत. ते फ्रीजवरच्या डब्याकडे बघत होते. उद्या शुक्रवार. आणि मग जे दिवसभर आलं नव्हतं ते एकदम बाहेर पडलं.

"अगं, मला मदत कर," ते बायकोला म्हणाले. "मला काहीच कळत नाहीये. हिला गाडी द्यावी तर रस्त्याची भीती वाटते. न द्यावी तर ही घरातून जाणार, आणि ते मला सोसायचं नाही. मी एवढी वर्षं सांगत आलो ते खरं की खोटं, तेही आज कळेनासं झालंय. तू सांग."

बायको हसायची थांबली. तिने गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसली.

"मलाही कळत नाहीये हो," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आलं. "म्हणून तर किल्ली डब्यात टाकली. फेकून दिली असती ना, खात्री असती तर."

ते तिघं बराच वेळ बसले. काय काय बोलले, ते सांगण्यात अर्थ नाही, कारण एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं आणि निम्मं बोलणं शेंगा सोलता सोलता झालं. शेवटी बायकोनेच उठून डबा काढला आणि किल्ली ठमीपुढे ठेवली. "महिनाभर बघू," ती म्हणाली. "महिन्यानंतर पुन्हा बसू." खोलीवाल्या बाईंना तिने फोन करून सध्या नको म्हणून कळवलं.

सोमवारी सकाळी ठमी निघाली. कवळीवाले दारात उभे होते. हाताला प्लास्टर लागलेलं, पायात काही नाही. आदल्या दिवशी त्यांनी तिला खटका सतरा वेळा दाखवला होता. फोटोग्राफरच्या गाडीला त्यांनी दुसरी पेटी बसवली होती, तळाशी कप्पा आणि त्यात भरलेली बाटली. तरी त्यांचे प्रश्न संपत नव्हते. थांबेल का कोणी? थांबलाच तर तो कसा असेल? पुलाजवळची ती बाई शेवटी घरी कशी गेली असेल?

ठमीने गल्लीच्या टोकापर्यंत गाडी नेली आणि वळणावर गाडी खाडकन बंद पडली. आजूबाजूच्या खिडक्यांतून माणसं डोकावली. कवळीवाले तिच्या जागी असते तर अंगठा दाखवून मोकळे झाले असते. ठमीने मागे वळून दोन्ही हात वर केले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "बाबा, या हो! बंद पडली!"

कवळीवाले तसेच अनवाणी धावत सुटले.